जपानी वस्तरा आणि बाराशे रुपये

गेल्या टर्मच्या शेवटी बारावीच्या एका कॅडेटने मला विचारले, "उस्ताद, जपानी वस्तरा कुठे मिळेल? स्वस्त, पण अस्सल." त्याचे वडील इथे कुंडमच्या बाजारात दाढी-कटिंगचे दुकान चालवतात. त्यांना भेट द्यायची होती. वर्षभर साठवलेले बाराशे रुपये त्याच्या खिशात होते.

मी स्वतः या वाटेने ठेच खाल्ली आहे. नोकरीत असताना जबलपूरच्या एका दुकानातून 'जपान' असा छाप असलेला वस्तरा मोठ्या हौसेने घेतला. दोन दाढ्यांत धार गेली. तिसऱ्या दिवशी हनुवटीखाली चीर घेऊन परेडवर उभा राहिलो. साहेब काही बोलले नाहीत, नुसते बघून पुढे गेले. ते बघणे अजून आठवते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: छाप पाहून पैसे टाकू नका. अस्सल जपानी वस्तऱ्याला 'कामिसोरी' म्हणतात. तो आपल्या वस्तऱ्यासारखा मिटत नाही. पाते आणि दांडा एकसंध असतात. मऊ लोखंडाच्या पाठीला कडक पोलादाची धार तापवून, ठोकून जोडलेली असते. पात्याच्या दोन्ही बाजूही सारख्या नसतात, एक जास्त खोलगट असते. असे हातकाम करणारे लोहार आता थोडेच उरले आहेत. नवा कामिसोरी बाराशेत येत नाही, त्याच्या कितीतरी पट पैसे लागतात.

जुना, वापरलेला स्वस्तात मिळू शकतो. घ्यायचाच तर धार उजेडात धरून पाहा. धारेवर गंजाचे खड्डे किंवा बारीक चीर असेल, पाते एका टोकाला जास्त झिजले असेल, तर फुकटही घेऊ नका. पाठीवरचे डाग चालतात. शिवाय धार लावायचा बारीक दगड आणि चामड्याचा पट्टा यांचा खर्च धरा. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवून पाते फिरवावे लागते आणि प्रत्येक दाढीआधी पट्ट्यावर ओढावे लागते. हे ज्याला जमत नाही, त्याच्या हातात उत्तम पोलादही महिन्याभरात बोथट होते.

पण त्या मुलाला मी वेगळेच सांगितले. दुकानात एकच वस्तरा दहा गालांवर फिरवायचे दिवस गेले. एड्स आणि काविळीची माहिती पसरल्यापासून गिऱ्हाईक प्रत्येक वेळी नवे पाते मागते, आणि ते योग्यच आहे. जपानमधले सेकी हे तलवारी घडवणाऱ्यांचे जुने गाव. तिथेच 1932 साली सुरू झालेली 'फेदर' कंपनी दाढीची पाती बनवते. ती पाती आपल्याकडेही मिळतात. मधोमध मोडून अर्धे पाते न्हाव्याच्या वस्तऱ्यात बसते. स्टीलचा चांगला वस्तरा आणि या पात्यांची पाकिटे बाराशेत आरामात येतात. जपानी धार हवी ना? ही घ्या.

पोलादाचेच कौतुक असेल तर फार दूर जायला नको. आपल्याच मंडला-दिंडोरी भागातले अगरिया लोक मातीच्या भट्टीत कोळसा आणि भाता वापरून दगडातून लोखंड काढत. व्हेरिअर एल्विनने त्यांच्यावर 1942 साली पुस्तक लिहिले. जपानी तलवारीचे पोलादही मातीच्या भट्टीतच निघते, फक्त दगडाऐवजी लोहवाळूपासून. त्यांनी ती भट्टी जपली, आपण विसरलो.

पालकांनाही एक विनंती. मुलाने हट्ट धरला तरी उघडा वस्तरा हॉस्टेलवर पाठवू नका. या वयाला साधा रेझर पुरे.

तो कॅडेट सुट्टीवरून परतला. सकाळच्या फॉल-इनला मी त्याच्यासमोर थांबलो. गाल स्वच्छ, एक ओरखडा नाही.

"दाढी कुणी केली?"

"बाबांनी, उस्ताद. कालच. पहिले पाते माझ्यावरच वापरले."