भूगोल कोणाच्या कामाचा?

अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून वाशीमकडे जाताना मेडशी लागते. वाशीम जिल्ह्याचे हे पठार दोन समुद्रांचा जलविभाजक आहे. काटेपूर्णेचे पाणी पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्रास, पैनगंगेचे वर्धा-प्राणहिता-गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास मिळते. माथ्यावरचे पाणी दोहींकडे वाहून जाते. खालच्या कठीण बेसाल्टात ते फारसे मुरत नाही. म्हणून पाणलोट-विकास हा येथे दयेचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे.

आर्थिक भूगोलही असाच. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत लँकेशायरच्या गिरण्यांच्या गरजेपोटी वऱ्हाडी कापसाचा भाव चढला आणि युद्ध संपल्यावर कोसळला. आज सोयाबीन आले. पराधीनता मात्र तीच. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला. परंतु मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणण्यात आले. एका हाताने द्यावयाचे व दुसऱ्या हाताने काढून घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे.

स्पर्धा परीक्षांसाठी नद्यांची व पिकांची नावे पाठ करणाऱ्या ग्रामीण तरुणांना हा कार्यकारणभाव उलगडून दाखविणे, आणि जाहीर भावाने प्रत्यक्ष खरेदी व्हावी यासाठी त्यांना संघटित करणे, हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य होय.