समुद्रतळाशी हात धुणारा नट
पाण्यात धपकन पडलेला माणूस पाहून आपण हसतो खरे, पण ते हसू फार टिकत नाही. विनोदी नट बस्टर कीटनला हे पक्कं ठाऊक असावं. त्याच्या ‘द नॅव्हिगेटर’ (1924) या मूकपटात नायक पाणबुड्याचा अवजड पोशाख चढवून जहाजाच्या दुरुस्तीसाठी समुद्राच्या तळाशी उतरतो. तिथे तो बादलीतल्या पाण्यात नीट हात धुतो आणि मग ते मळकं पाणी ओतूनही देतो. भर समुद्रात! श्रीमंताघरचा लाडोबा तो, रीतभात तळापर्यंत सोबत नेणारच. हे चित्रण झालं अमेरिकेतल्या लेक ताहोमध्ये. पाणी निवळशंख, पण इतकं गार की कीटनला फार वेळ खाली राहता येईना. एक विनोद मात्र कापावा लागला. त्यात तो वाहतूक पोलिसासारखा हात दाखवून माशांचा थवा थांबवत होता. वर नायिका संकटात आणि याचं खाली हे काय चाललंय, म्हणून प्रेक्षक हसलेच नाहीत. प्रेक्षकांचं बरोबर होतं. त्याच्याच आदल्या वर्षीच्या ‘अवर हॉस्पिटॅलिटी’च्या चित्रणात तर सुरक्षेची तार तुटून कीटन नदीत खरोखरच वाहून गेला, आणि तो प्रसंग चित्रपटात तसाच ठेवला गेला, त्याला दाद द्यावी, हसू मात्र मला येत नाही. ‘नॅव्हिगेटर’ जेमतेम तासाभराचा आहे. सुट्टीत पोरांना जरूर दाखवा, भाषेची अडचण येणार नाही.