चला, करून पाहू : सायकलची पडशी



सुट्टीत मोठ्यांबरोबर सायकलने लांब सहलीला जायचा बेत तुमच्यापैकी काहींनी आखला असेल. समजा, अलिबागहून समुद्राच्या कडेकडेने गुहागरला जायचंय. मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत जायचं. आगरदांडा, बागमांडला, दाभोळ इथे सायकल फेरीबोटीत घालून खाडी ओलांडायची. रस्ता सुंदर, पण सपाट मुळीच नाही. खाडी संपली की चढ, चढ संपला की उतार!

मग प्रश्न येतो, सामान कशात भरायचं? हल्ली दुकानात सायकलसाठी खास पिशव्या मिळतात. पाठीवर किंवा कॅरिअरवर बोजा न घेता सामान सायकलच्या अंगालाच बांधायचं. याला ‘बाइकपॅकिंग’ म्हणतात. पिशव्यांच्या किमती ऐकल्या की बाबा एकदम गप्प होतात! पण पिशवी किती महाग, यापेक्षा ती सायकलवर कुठे बांधली, हे जास्त महत्त्वाचं. का? ते करूनच पाहा.

एका पिशवीत दोन किलो तांदूळ घ्या आणि ती हॅण्डलला अडकवा. सायकलवर बसू नका. ती हाताने ढकलत अंगणात इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवा. हॅण्डल जड लागतं, पिशवी झोके घेते आणि पुढचं चाक तिच्यामागे ओढलं जातं. आता तीच पिशवी सायकलच्या मधल्या दांड्याला घट्ट बांधा आणि पुन्हा आठ काढा. तांदूळ तेवढेच, पण सायकल कशी शहाण्यासारखी वळते! कारण आता वजन दोन्ही चाकांच्या मधे आहे आणि ते हलत नाही. घाटाच्या उतारावर, वळणावर हाच फरक तुम्हाला सावरतो किंवा पाडतो.

आता एकेक जागा पाहू.

मधला त्रिकोण : सगळं जड सामान इथे. पाण्याच्या बाटल्या, पाने, पंक्चरचं साहित्य, खाऊ. पिशवी मात्र चपटी हवी. फुगली तर पायडल मारताना गुडघे घासतात.

हॅण्डल : इथे हलकं सामान. स्वेटर, पातळ पांघरूण यांची घट्ट वळकटी करा. ब्रेक दाबायला बोटांना जागा हवी. ब्रेकच्या वायरी दबायला नकोत आणि दिवा झाकला जाता कामा नये.

सीटखाली : इथे कपडे. पिशवी सैल असली तर शेपटीसारखी हलते. तुम्ही सीटवर बसल्यावर पिशवी आणि मागचं चाक यांत निदान चार बोटं अंतर राहायला हवं. लहान सायकलची सीट खाली असते, तिथे हे नीट पाहा.

ज्यांच्या सायकलला मधला आडवा दांडा नाही त्यांनी काय करायचं? त्यांनी पडशी करायची! पूर्वी वाटसरू खांद्यावर पडशी टाकून निघायचे. एकाच कापडाच्या दोन पिशव्या, एक पुढे, एक मागे. वंजारी बैलांच्या पाठीवर गोण्या लादत, त्याही दोन्ही बाजूंना. तशीच पडशी कॅरिअरवर टाका. दोन्हीकडचं वजन ताणकाट्यावर सारखं करून घ्या. पिशवी थोडी मागे सरकवा, म्हणजे टाच लागणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकही पट्टा किंवा दोरी लोंबकळत ठेवू नका. ती स्पोकमध्ये अडकली तर चाक जागच्या जागी थांबतं आणि आपण रस्त्यावर!

पिशव्या घरीही होतात. जुन्या जीन्सचा एक पाय कापा, एक टोक शिवा, की हॅण्डलची वळकटी तयार. बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या झकास. रबर ताणून बांधलं की खड्ड्यांतही सुटत नाही. पावसाची भीती असेल, तर धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्यांत मोजे आणि पंक्चरचं साहित्य वेगवेगळं ठेवा.

आता काय न्यायचं? थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोहून पुढे भलंमोठं आणि मागे चिमुकलं चाक असलेल्या सायकलवर निघाला. १८८६ मध्ये लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आला आणि त्याच वर्षी जपानला पोचून त्याने सायकलवरची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. निघताना त्याच्याजवळ कपडे किती? मोजे, एक जादा शर्ट आणि एक रेनकोट. रेनकोट अंगावर, तोच रात्री तंबू आणि तोच अंथरूण! आपणही असंच करावं. आपला साधा पंचाच बघा ना. अंग पुसा, उन्हात डोक्याला बांधा, वाटेत चिंचा मिळाल्या तर त्यांचं गाठोडंही करा. यादी केलीत की प्रत्येक वस्तूला विचारा, ‘तुझी कामं किती?’ जी उत्तर देणार नाही ती घरी.

सामान बांधून झालं की सायकल वीतभर उचलून आपटा. खडखडाट झाला तर पुन्हा बांधा. हॅण्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. मग मैदानात चालवून ब्रेक दाबून पाहा. शेवटी, निघण्याआधी एका रविवारी हेच सामान घेऊन पंधरा-वीस किलोमीटर फिरून या. जे सैल पडायचं ते घराजवळच पडू दे!

आईबाबांना दोन शब्द : मुलाची सायकल लहान, त्याची ताकदही लहान. जड सामान आपल्या सायकलवर घ्या. पण मुलाची पिशवी मात्र त्यालाच भरू द्या. आपण भरून दिलेल्या पिशवीतली बॅटरी त्याला अंधारात सापडत नाही. स्वतः भरलेल्या पिशवीत हात बरोबर तिथेच जातो.

मग, जुनी जीन्स शोधताय ना?