समुद्र कीं समुद्राचा सांचा?

चित्रकला शिकण्याची हौस आपल्या सुशिक्षित कुटुंबांत वाढत आहे, ही गोष्ट आम्हांस आनंदाची वाटते. तैलरंगांच्या नळ्या सहज मिळतात आणि घरबसल्या धडे देणारेही उदंड झाले आहेत. परंतु 'रोमँटिक पद्धतीचा सागरकिनारा' म्हणून या धड्यांत जें कांहीं शिकविलें जातें, त्याविरुद्ध चार शब्द लिहिणें आम्हांस भाग आहे. नारिंगी आकाश, काळा कडा, एक फुटकें गलबत आणि खडकावर आपटणारी पांढरी लाट एवढें एका संध्याकाळीं जमविलें कीं चित्र सिद्ध! अशाच एका वर्गाचें प्रदर्शन आम्हीं नुकतेंच पाहिलें. चित्रें वीस-बावीस, समुद्र मात्र एकच. शिकणारीं मुलें बहुतेक कोंकणांतलीं. पण जांभ्या खडकाचा किनारा एकाही चित्रांत नव्हता.

यावर असें म्हणतात कीं, नवशिक्याला आधीं सांचा द्यावा, दृष्टि मागाहून येईल. हें म्हणणें अगदींच पोकळ नाहीं. तैलरंगाला शिस्त लागतेच. खालचे थर कमी तेलाचे व वरचे अधिक तेलाचे असावे लागतात. हा क्रम उलटला तर वरचा थर आधीं वाळतो आणि पुढें चित्राला भेगा पडतात. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून जात नाहीं. हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून तें घट्ट होतें, आणि त्याला दिवस लागतात. हे नियम गुरूनें अवश्य घोकून घ्यावेत. पण एका संध्याकाळीं चित्र उरकणाऱ्या वर्गांत थर वाळण्याइतका धीर कोठला? म्हणजे ज्या शिस्तीच्या नांवाखालीं सांच्याचें समर्थन होतें, ती शिस्तही तेथें मिळत नाहीं.

आतां ज्यांच्या पुण्याईवर हे सांचे चालतात, त्यांनीं स्वतः काय केलें तें पाहूं. कास्पार डाव्हिड फ्रीडरिख (१७७४–१८४०) हा बाल्टिक समुद्राकाठच्या ग्राइफ्सवाल्डचा. ऱ्यूगेन बेटावर हिंडून त्यानें पेन्सिलीनें रेखाटनें केलीं, आणि तैलचित्रें ड्रेस्डेन येथें आपल्या खोलींत बसून रंगविलीं. 'समुद्राकाठचा साधु' हें त्याचें चित्र १८०८ ते १८१० या काळांत वारंवार बदलत पुरें झालें. अवरक्त किरणांच्या तपासणींत असें आढळलें आहे कीं, आरंभीं त्यानें समुद्रावर गलबतें योजिलीं होतीं. मागाहून तीं काढून टाकलीं. उरली वाळूची एक पट्टी, काळसर पाण्याची दुसरी, बहुतेक चित्र व्यापणारें आकाश आणि त्यापुढें एक इवलासा माणूस. आमचे वर्ग जें गलबत प्रथम घालावयास सांगतात, तेंच त्यानें पुसलें!

इंग्लंडांतील जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याची रीत निराळी, पण निष्ठा तीच. १८२१ व १८२२ सालीं हॅम्पस्टेड येथें त्यानें ढगांचे तैलरंगांत अभ्यास केले. त्यांतील अनेकांच्या पाठीवर दिवस, वेळ आणि वारा यांची नोंद आहे. भावनेच्या उमाळ्यानें ढग सुचत नाहींत. ते पाहावे लागतात, हें त्याला ठाऊक होतें.

म्हणून पालकांना आमचें सांगणें इतकेंच: रंग घेण्यापूर्वीं मुलांना एक वही व पेन्सिल देऊन किनाऱ्यावर न्यावें. एकच जागा सकाळीं, दुपारीं, सायंकाळीं काढावयास लावावी व खालीं तारीख घालावी. आषाढांतला आपला समुद्र निळा नसून मातकट असतो, हें मुलाला स्वतःच्या डोळ्यांनीं कळूं द्यावें. भिंतीवर टांगण्याजोगें चित्र त्यामुळें उशिरां तयार होईल, हें आम्हांस कबूल आहे. परंतु सांच्यांतून निघालेलें चित्र भिंत भरतें आणि मुलाची नजर कायमची झांकून टाकतें. समुद्र दाराशीं असतां तो परक्याच्या डोळ्यांनीं पाहावयास शिकणें, याला शिक्षण म्हणण्यास आम्ही तयार नाहीं.