परसदारांतील गोष्टी : ताण आणि बहार

भुसावळास आमच्या परसांत, मोरीच्या कडेला, कागदी लिंबाचें एक झाड आहे. तें आमच्या आत्याबाईंनीं लावलें. रोज सकाळीं दोन घागरी पाणी घालावयाचें, पावसाळ्याच्या तोंडीं शेणखत द्यावयाचें आणि येणाऱ्याजाणाऱ्यास त्याचीं हिरवींगार पानें कौतुकानें दाखवावयाचीं, हा त्यांचा आठ वर्षांचा नेम होता. झाड माडीच्या खिडकीला लागलें. परंतु लिंबू म्हणून एक धरील तर शपथ! लोणच्याचीं लिंबें बाजारांतून यावयाचीं, आणि तीं आलीं म्हणजे आत्याबाईंचा तो दिवस मुकाट्यानें जावयाचा.

न फळणाऱ्या झाडावर उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधींच वाण नव्हती. ग्रहण लागलें असतां वांझ झाडास मुसळानें मारावें, म्हणजे पुढील सालीं तें फळतें, असें जुन्या बायका सांगत. संस्कृत कवींचा उपाय अधिक नाजूक. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त अशोक फुलेना, म्हणून मालविकेच्या अलंकृत पायाचा आघात त्यास देववितात, हें नाटक वाचलेल्या वाचकांस आठवत असेल. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें मात्र ‘बृहत्संहिते’च्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत पाहुणचाराचा मार्ग सांगितला आहे : झाडाचीं फळें नष्ट होऊं लागलीं तर कुळीथ, उडीद, मूग, तीळ व जव घालून उकळलेलें दूध निववून त्याच्या मुळांशीं घालावें. म्हणजे कोणी झाडास मारावयास सांगितलें, कोणी दूध पाजावयास. आमच्या आत्याबाई अर्थातच दुधाच्या पक्षाच्या.

अशांत एकदां यावलकडील एक परिचित बागाईतदार घरीं आले. चहा घेतां घेतां त्यांनीं झाडाकडे पाहिलें, पायानें माती उकरली, मोरीचें पाणी कोठें जातें तें पाहिलें आणि म्हणाले, “आत्याबाई, झाडाला कांहीं रोग नाहीं. त्याला पाण्याची आठवण होऊं द्या.” त्यांच्या म्हणण्याचा अर्थ, झाडास ताण द्या. आत्याबाईंचा चेहरा उतरला. “हातानें वाढविलेलें झाड, त्यास तहानेलें ठेवूं होय ?” एवढेंच त्या बोलल्या.

हा ताण म्हणजे काय, तें शहरांतील वाचकांसाठीं थोडें सांगितलें पाहिजे. लिंबू, मोसंबी, संत्रें, डाळिंब, पेरू हीं झाडें आपल्या उष्ण हवेंत, पाणी मिळत राहिल्यास, वर्षभर थोडथोडीं फुटत राहतात. त्यांनीं एकाच वेळीं भरघोस फुलावें म्हणून शेतकरी बहार धरतो. बहार तीन. जानेवारी-फेब्रुवारींत आंब्याबरोबर फुलणारा तो आंबे बहार; पाऊस लागतांच जून-जुलैंत येणारा तो मृग; आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांतील तो हस्त. जो बहार हवा असेल त्याच्या आधीं बागेचें पाणी तोडावयाचें. हलक्या, मुरमाड जमिनींत चारपांच आठवडे पुरतात. तापीकांठच्या आमच्या काळ्या जमिनींत ओल खोल धरलेली असते, म्हणून सहा ते आठ आठवडेही लागतात. पानांचें तेज जातें, तीं वळूं लागतात, पिवळीं पडतात, आणि चवथाईपासून निम्म्यापर्यंत गळतात. तेथें थांबावयाचें. मग हलकी चाळणी करून, वाळल्या काटक्या काढून, खत घालून पहिलें पाणी बेताचें द्यावयाचें, कांहीं दिवसांनीं दुसरें, आणि त्यानंतर नेहमींप्रमाणें. पहिल्या दोन पाण्यांस आंबवणी आणि चिंबवणी हीं नांवें आहेत. हस्त बहाराचीं लिंबें ऐन उन्हाळ्यांत निघतात व त्यांस भाव येतो. परंतु त्याचा ताण भर पावसाळ्यांत द्यावा लागतो, आणि आकाशास कोण थोपविणार? म्हणून तोच बहार साधण्यास सर्वांत कठीण.

हें केवळ आपल्याकडेच चालतें असें नाहीं. इटलीच्या दक्षिणेस सिसिली बेटांत लिंबाच्या बागांस भर उन्हाळ्यांत पाणी बंद करतात, पानें मलूल झालीं म्हणजे पाणी व खत देतात, आणि त्या अवेळीं आलेल्या फुलांचीं हिरवट लिंबें पुढल्या उन्हाळ्यांत, बाजारांत लिंबाची चणचण असतांना, विकतात. यावलचा बागाईतदार आणि सिसिलीचा माळी यांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नाहीं. परंतु दोघांसही झाडानें एकच गोष्ट शिकविली.

तहानेनें फूल कां यावें, याचा शास्त्रज्ञांनीं पुष्कळ शोध केला आहे. १९१८ सालीं अमेरिकेंत क्राउस व क्रेबिल यांनीं टोमॅटोच्या झाडांवर प्रयोग करून दाखविलें कीं, पाणी व नत्र यांची रेलचेल झाली म्हणजे झाड पालाच वाढवीत बसतें आणि फळाकडे वळत नाहीं. पुढें १९८६ सालीं साउथविक व डेव्हनपोर्ट यांनीं फ्लॉरिडांत ताहिती जातीच्या लिंबाचीं झाडें कुंड्यांत लावून त्यांचें पाणी तोडलें. पाणी पुन्हा मिळतांच तीं फुललीं, आणि जितका ताण अधिक तितकीं फुलेंही अधिक आलीं. थंडीनेंही तेंच घडतें, हेंही त्यांनीं दाखविलें. थंड मुलुखांत हिवाळा जें काम करतो, तें आमच्याकडे कोरड्या जमिनीकडून करवून घ्यावें लागतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. मुळें कोरडीं पडलीं कीं नवी पालवी थांबते. पानें मात्र कांहीं काळ अन्न तयार करीतच असतात, व तें खर्च न झाल्यामुळें फांद्यांत सांचतें. पालवी वाढविणारीं आणि फुलास अडविणारीं जिबरेलिन नांवाचीं द्रव्यें कमी पडतात. डोळे निजलेले राहतात. आणि पाणी मिळतांच जागे होतात ते पालवीऐवजीं कळी घेऊन.

ही माहिती आम्हीं आत्याबाईंस वाचून दाखविली. “म्हणजे पोटांत सांठा असेल तरच,” असें त्या म्हणाल्या, आणि मोठ्या नाखुषीनें त्यांनीं संमति दिली. मार्गशीर्षांत आम्हीं घागरी बंद केल्या व मोरीचें पाणी चर खणून दुसरीकडे वळविलें. तसें न करतां नुसत्या घागरी थांबविल्या असत्या तर झाडास पत्ताही लागला नसता. संक्रांत झाली. झाडाचीं निम्मीं पानें खालीं पडलीं होतीं, आणि आत्याबाई परसांत जाईनाशा झाल्या होत्या. संक्रांतीनंतर खत घालून पाणी सोडलें. तीन आठवड्यांनीं सगळें झाड पांढऱ्या फुलांनीं भरून गेलें, घरभर वास सुटला, आणि आषाढांत लोणच्याचीं दोन बरण्या भरून लिंबें घरचीं झालीं. त्यांतील पहिलीं पांच देवापुढें ठेवतांना आत्याबाईंनीं बागाईतदारांची आठवण काढली. आमची काढली नाहीं.

पुढच्या सालीं आम्हांस गर्व झाला होता. पुन्हां मार्गशीर्षांत पाणी तोडलें. त्या वर्षीं माघांत घरांतील लग्न नागपुरास होतें. सर्व मंडळी आधीं गेली आणि मागें रेंगाळली. झाडाची आठवण कोणासच राहिली नाहीं. परत आलों तों होळी उलटून गेली होती. भुसावळचें ऊन तेव्हां कसें असतें तें येथील वाचकांस सांगावयास नको. झाडावर पान म्हणून उरलें नव्हतें. आम्हीं घाईघाईनें बादल्यांवर बादल्या ओतल्या. आठपंधरा दिवसांत झाड असें फुललें कीं पहिल्या सालचा बहार कांहींच नव्हे, आणि आम्ही मूर्ख शेजाऱ्यांस बोलावून तें दाखवूं लागलों. तीं फुलें बहुतेक गळलीं. जीं फळें धरलीं तीं बोराएवढीं होऊन पडलीं. ज्येष्ठांत माडीकडच्या दोन थोर फांद्या शेंड्यापासून वाळत खालीं आल्या व त्या कापाव्या लागल्या.

तेव्हांपासून एक गोष्ट आम्ही विसरलों नाहीं : भरपूर फूल आलें याचा अर्थ झाड सुखांत आहे असा नव्हे. मरणाच्या दारीं गेलेलें झाडही फुलतें. ताणानें झाडास अन्न मिळत नाहीं. आधीं मिळालेलें अन्न फुलाकडे वळतें, इतकेंच. म्हणून चारपांच वर्षांच्या आंतील झाडास ताण देऊं नये, दुबळ्या किंवा रोगट झाडास देऊं नये, आणि वर्षांत एकापेक्षां अधिक बहार धरूं नये. ताण तोडावयास पाणी हाताशीं नसेल तर तो देण्याच्या भरीस पडूं नये. २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. ताण त्यांसही मिळालाच होता. तो तोडावयास पाणी नव्हतें.

शिवाय प्रत्येक झाडास हें औषध लागू नाहीं. आमच्या रावेर-यावल-भुसावळच्या केळीकडेच पाहा. केळीचा कोंब आंतल्या आंत ठराविक पानें झालीं म्हणजे आपणहून वळतो व घड बाहेर येतो. तिला तहानेलें ठेवलें तर घड लवकर तर येत नाहींच, उलट लहान व पोंचट येतो. कोंकणांतील हापूसास पाऊस सरल्यावरचा कोरडेपणा मानवतो, पण त्यास मोहोर आणणारें मुख्य कारण रात्रींचा गारवा. आणि हल्लीं दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या शिफारसीप्रमाणें पॅक्लोब्युट्राझोल हें औषध मुळांशीं देऊन पालवीस आळा घालतात. एका झाडाचा नियम दुसऱ्यास लावतां येत नाहीं, मग माणसांस तो कितपत लावावा ?

हें विचारावयाचें कारण असें. पहिल्या सालीं लिंबें आलीं तेव्हां आमच्याकडील एका वडीलधाऱ्यांनीं जेवतांना सर्वांदेखत सांगितलें, “पाहिलेंत ? मुलांचेंही असेंच. लाड बंद करा, म्हणजे फळतात.” त्यांचा धाकटा मुलगा त्या वर्षीं मॅट्रिकच्या परीक्षेस बसावयाचा होता. त्याचें खेळणें, मित्रांकडे जाणें, संध्याकाळचें फिरणें सर्व बंद झालें. मुलाशीं गोड बोलणेंही थांबलें. परीक्षेंत गुण उत्तम पडले. घरांत पेढे वांटले गेले. त्यानंतर तो मुलगा जवळजवळ वर्षभर कोणाशीं मोकळेपणीं बोलला नाहीं, व पुस्तकास हातही लावीना. तेव्हां आम्हांस त्या दुसऱ्या सालच्या फुलांची आठवण झाली. ती आठवण त्यांस त्याच वेळीं सांगावयास हवी होती; आम्हीं सांगितली नाहीं, याचा खेद वाटतो.

आपल्या एकत्र कुटुंबांतून मुलांना, आणि विशेषतः नव्या सुनांना, ताण देणारीं माणसें पुष्कळ असतात, आणि तीं बहुधा सद्‌हेतूनेंच देतात. ‘आम्ही नाहीं का सोसलें ?’ हें त्यांचें प्रमाण. सोसलें खरें; पण जे वाळले ते आज सांगावयास पुढें येत नाहींत. बागाईतदार ताण देतो तेव्हां रोज सकाळीं बागेंत जाऊन पान उलटून पाहतो, आणि पाट अगोदरच साफ करून ठेवतो.

आतां आमच्या लिंबाचें ठीक आहे. फांद्या कापल्यावर एक वर्ष त्यास नुसतें पाणी व खत दिलें, बहार धरला नाहीं. त्यानंतर दर मार्गशीर्षांत मोरीचें पाणी वळवितों. मात्र ताण केव्हां तोडावयाचा हें आम्ही ठरवीत नाहीं. तें काम आत्याबाईंकडे आहे. संक्रांतीच्या सुमारास त्या काठी टेकीत परसांत जातात, दहापांच पानें चुरगाळून पाहतात, आणि आंत येऊन म्हणतात, “पुरे झालें. घागर भरा.”