सेंद्रिय कोणासाठी?

हल्ली शहरात ‘सेंद्रिय’ या शब्दाला भलताच भाव आला आहे. मोठ्या दुकानांत नाचणी, बाजरी, राळा सुबक पुड्यांत मांडलेले दिसतात आणि किंमत पाहून आमच्या भगिनी ती पुडी पुन्हा फळीवर ठेवून देतात. खरे तर हे अन्न आम्हाला नवे नाही. नाचणीची भाकरी, अंबाडी, तांदुळजा, घोळ यांवर आमच्या मागच्या पिढ्या जगल्या. तेव्हा ते गरिबाचे खाणे म्हणून हिणवले गेले.

मग हे श्रीमंतांचे खूळ म्हणून सोडून द्यावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. खाणाऱ्याच्या ताटात औषधाचा अंश येतो. फवारणाऱ्याच्या अंगावर, श्वासात ते थेट जाते. म्हणून विष कमी व्हावे ही मागणी आधी मजुराची आहे.

तेलंगणातील जहीराबाद भागात दलित स्त्रियांनी दुसरी वाट दाखविली आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या गावोगावच्या संघांत त्या एकत्र आल्या. पडीक रानात त्यांनी ज्वारी, राळा, तूर अशी अनेक पिके एकत्र पेरली. खत शेणाचे, बियाणे घरचे. ते बी राख व कडुलिंबाचा पाला घालून त्या जपून ठेवतात. २०१९ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

आपल्यापैकी अनेकांकडे जमीन नाही. पण खिडकीत तीन-चार तास ऊन येत असेल तर तेलाच्या जुन्या डब्यात मेथी होते. डब्याच्या तळाला भोके पाडावीत, माती व कुजलेले शेणखत मिसळून भरावे. महिन्याभरात भाजी काढता येते. कोथिंबिरीसाठी धने हलकेच रगडून दोन फाकी करून पेरावेत. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना चालते. रंगाचा वा औषधाचा डबा मात्र घेऊ नये.

एवढ्याने घरचा बाजारखर्च सुटणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु चार काड्या कोथिंबीर घरची निघते आणि मुलांना भाजी कशी उगवते ते कळते. गावाकडे नात्यातले कोणी फवारणीविना ज्वारी-तूर पिकवीत असेल, तर पायलीभर धान्य त्यांच्याकडूनच घ्यावे. पैसा दुकानाऐवजी आपल्या माणसाच्या हाती जाईल.

आणि घरातले कोणी मजुरीने फवारणीला जात असेल, तर हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर कपड्यांशिवाय पंप पाठीवर घेऊ देऊ नये. औषध हाताळणाऱ्यास योग्य संरक्षक कपडे असावेत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच म्हटले आहे. ते मालकाकडे मागण्यात लाज कसली?