जिमखाना कोणाचा?

महाविद्यालयात प्रवेश घेताना मिळणाऱ्या पावतीवर अनेक रकमा असतात. ग्रंथालय, परीक्षा, ओळखपत्र आणि त्यांच्यातच एक 'जिमखाना'. कॉलेजच्या गावात राहणारा विद्यार्थी ही रक्कम भरतो, तशीच लोणी देवकरहून एस.टी.ने येणारी माझ्यासारखी विद्यार्थिनीही भरते. परंतु जिमखान्याचे कुलूप निघते ते तास संपल्यावर, आणि तास संपले की आमची गाडी सुटते! पैसे सर्वांचे आणि मैदान मात्र मोजक्यांचे, हा कुठला न्याय?

यावर काहीजण म्हणतात, "खेड्यातल्या मुलांना व्यायाम कशाला हवा? ती शेतात राबतातच की!" आमच्या घरीही हेच ऐकू येते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. खुरपून खुरपून कंबर धरलेल्या आईला खेळ ही चैन वाटली तर तिचा दोष नाही. पण राबणे वेगळे आणि व्यायाम वेगळा. राबण्याने शरीर झिजते. खेळाने ते घडते, आणि मनही मोकळे होते. चार मैत्रिणींबरोबर खो-खोचा एक डाव खेळल्यावर जे हसू फुटते, ते दिवसभर खुरपे चालवून फुटत नाही.

शिवाय आमच्यासाठी हा पोटापाण्याचाही प्रश्न आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे. त्याशिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. याच्या तयारीसाठी आमच्याकडची मुले भल्या पहाटे पुणे–सोलापूर महामार्गाच्या कडेने धावतात. औद्योगिक वसाहतीकडे वळणारे ट्रक आणि गळिताच्या हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या यांच्यामधून वाट काढायची, आणि अंतर मोजायचे किलोमीटरच्या दगडांवर! मुलींना तर त्या अंधारात घरचे पाठवतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग त्यांनी धावायचे कुठे? कॉलेजचे मैदान हे त्यांच्यासाठी एकमेव सुरक्षित मैदान आहे.

आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात खाशाबा जाधवांच्या नावाचे क्रीडासंकुल आहे. त्याचा अभिमान वाटतो; पण ते आमच्या गावापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. खाशाबा स्वतः कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. खेड्यात पाय आहेत. त्यांना वेळेवर मैदान मिळायला हवे.

आम्ही कोणाला घर गहाण ठेवायला सांगत नाही. आमचे मागणे फार थोडे आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्रीडा व योग यांना अभ्यासक्रमात श्रेयांक आहेत. मग आठवड्यातून दोन तास प्रत्येक वर्गाला वेळापत्रकातच, दिवसा, मैदान द्यावे. मैदानावर चुन्याने दोनशे मीटरची धावपट्टी आखावी, म्हणजे मुलींच्या चार फेऱ्या आणि मुलांच्या आठ फेऱ्या घड्याळ लावून मोजता येतील. मुलींना कपडे बदलायला एक खोली असावी. शारीरिक शिक्षणाचे सर एकटे सर्वांना पुरे पडणार नाहीत हे खरे. म्हणून किल्ली व साहित्य यांची जबाबदारी वर्गातील एक मुलगा व एक मुलगी यांच्यावर सोपवावी. जबाबदारी दिल्याशिवाय ती अंगी कशी यावी?

स्नेहसंमेलनात कपाटभर ढाली मांडल्या जातात. त्या मिळवणाऱ्या खेळाडूंचे कौतुक आम्हांलाही आहे. परंतु महाविद्यालयाच्या जिमखान्याची खरी परीक्षा ढालींच्या संख्येवर होऊ नये. वर्षभरात किती जणांचे पाय त्या मातीला लागले, हे पाहावे. मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वर्षी पावती हातात पडली की ती ओळ नीट वाचा, आणि आपला तास मागून घ्या.

— एक विद्यार्थिनी, एस.वाय.बी.ए.